वरळीला खोल्या रिकाम्या आणि परळला जिन्यात माणसं

माझी एक मावशी वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची. मे महिन्यात तिच्याकडे राहायला गेलो की मला सगळ्यात आधी आठवतो तो तिचा पलंग. पलंगाच्या चारही पायांखाली विटा, एकावर एक अशा दोन-दोन, आणि त्यामुळे उंच झालेल्या त्या पलंगाखाली रात्री आम्ही तीन पोरं झोपायचो. वर मावशीची सासू, मोरीच्या बाजूला मावशी आणि काका, आणि धाकटे काका वळकटी घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये. खोली साधारण दहा बाय सोळा, म्हणजे १६० चौरस फूट. मला तेव्हा वाटायचं, मुंबईत जागाच नाही ना, मग माणसं अशीच राहणार, त्यात काय एवढं.

पुढे कधीतरी वाचनात आलं की सरकारने कामगारांसाठी ह्याच चाळी बांधल्या तेव्हा वर्षानुवर्षं त्यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या! सरकार भाडं कमी करत होतं, तरी माणसं येईनात, आणि त्याच वेळी तिथून अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर लालबाग-परळला एकेका खोलीत आठ-आठ, नऊ-नऊ जण, उरलेले जिन्यात आणि फुटपाथवर. हे डोक्यात बसेना. एका बाजूला जागा नाही म्हणून माणसं एकमेकांच्या अंगावर झोपतायत आणि दुसऱ्या बाजूला सरकारी खोल्यांना कुलपं. ते कोडं सोडवायच्या नादात जे काही वाचलं ते इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगतो.

काळ म्हणजे पहिलं महायुद्ध संपल्यापासून दुसरं सुरू होईपर्यंत, १९१८ ते १९३९. जागा म्हणजे तेव्हाची मुंबईची उत्तर बाजू, परळ, नायगाव, वरळी, दादर, माटुंगा. आता दादर म्हटलं की मुंबईचं मध्यच वाटतं पण तेव्हा दादर-माटुंगा म्हणजे चक्क उपनगर, वाड्या, भातशेती, नारळाची झाडं, आणि मधेमधे नवीन आखलेले रस्ते ज्यांच्यावर अजून घरं यायची होती. शहराची हद्द माहीम-शीवपाशी संपायची. त्याच्या पलीकडचा साष्टी बेटाचा भाग ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा केला तोच मुळी १९२० साली. कुर्ल्यासारख्या गावाला त्याची स्वतःची नगरपालिका होती. आणि गाड्या विजेवर आल्या त्यासुद्धा ह्याच काळात, बोरीबंदर ते कुर्ला १९२५ ला आणि पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत १९२८ ला. म्हणजे दादरला राहून फोर्टात नोकरीला जायचं हे तेव्हा नुकतंच शक्य व्हायला लागलं होतं. कोणाला शक्य, हा वेगळा मुद्दा, त्यावर येतोच.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि माणसं पटापट मेली, लाखो लोक गावाला पळाले, आणि सरकार हादरलं. १८९८ ला मुंबई शहर सुधार ट्रस्ट काढला, लोक त्याला नुसतं ट्रस्ट म्हणायचे, त्यांच्या चाळी म्हणजे बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी. ट्रस्टचं काम काय, तर कोंदट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती करायची. कागदावर एकदम बरोबर. पण पाडायला वेळ लागत नाही, बांधायला लागतो. एक गल्ली पाडली की तिथली माणसं हवेत विरत नाहीत, ती बाजूच्या गल्लीत शिरतात, तिथल्या खोलीत सहा होते ते आठ होतात. म्हणजे नकाशावर एक काळा डाग पुसला आणि शेजारचा अजून काळा झाला. हे तेव्हाच्या लोकांनाही कळत होतं म्हणूनच ट्रस्टने उत्तरेला दादर-माटुंग्याची जमीन घेऊन नवीन वस्ती आखायला घेतली की माणसं तिकडे सरकतील.

इथे एक छोटी तांत्रिक गंमत सांगतो कारण ती मला फार आवडते. ट्रस्टमध्ये ऑर नावाचे एक साहेब होते, त्यांनी उजेड-वाऱ्याचा साडेत्रेसष्ट अंशाचा नियम लावून धरला. ऐकायला भयंकर वाटतं पण आहे सोपं. समजा तुमच्या तळमजल्याच्या खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे एक दोरी ताणली, तर त्या दोरीचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नको. गणिताचं राहू दे, ह्याचा अर्थ एवढाच की समोरची इमारत जितकी उंच त्याच्या निम्मी मोकळी जागा मधे सोडायची. ती चाळीस फूट उंच असेल तर वीस फूट. जुन्या गिरगाव-मांडवीकडे दोन चाळींच्या मधे जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी घरगल्ली असायची आणि तिच्यात काय असायचं ते सांगत नाही, जेवायच्या वेळी कोणी वाचत असेल. तर त्या मानाने हा नियम म्हणजे क्रांतीच. दादर-माटुंग्याच्या जुन्या गल्ल्यांत आजही दोन बिल्डिंगमधे आकाश दिसतं त्यामागे हे असले नियम आहेत, म्हणजे जिथे अजून टॉवर झाले नाहीत तिथे.

बरं. मग पहिलं महायुद्ध आलं. बांधकामाचं सामान महाग, बांधकाम बंद, गिरण्या मात्र जोरात, गावाकडून माणसं येतच होती. भाडी इतकी वाढली की सरकारला १९१८ ला भाडेनियंत्रण कायदा आणावा लागला, १ जानेवारी १९१६ ला जे भाडं होतं ते प्रमाण धरून त्यावर थोडीशीच वाढ घ्यायची. आणि १९२० ला गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, तेच हे बीडीडी. लॉइड साहेबांना सगळं भव्य करायची हौस. समुद्र हटवून बॅकबे रेक्लमेशन करायचं, आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या. पैसा कुठून, तर मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर. आकडा ऐकून त्या काळातही लोकांचे डोळे विस्फारले असतील. प्रत्यक्षात झाल्या २०७ चाळी, म्हणजे साधारण साडेसोळा हजार खोल्या. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाईल रोडला (म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळ अधिक तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, मधून लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं, मजल्यावर कॉमन संडास.

आता आकडे बघू, पण जरा दमाने, कारण ह्यातच सगळी मेख आहे. १९२१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती ११ लाख ७५ हजार ९१४. १९३१ ला ११ लाख ६१ हजार ३८३. म्हणजे दहा वर्षांत माणसं साडेचौदा हजारांनी कमी झाली! मधल्या काळात हजारो नवीन खोल्या बांधल्या गेल्या. माणसं कमी, खोल्या जास्त, मग दाटी कमी व्हायला हवी की नको? तर नाही. १९२१ ला शहरातले ६६ टक्के लोक एका खोलीच्या घरात राहत होते, १९३१ ला ते झाले ७४ टक्के. चारातले तीन जण. आणि त्या एकेका खोलीत किती, तर १९३१ ला अडीच लाखांहून जास्त लोक अशा खोल्यांत राहत होते जिथे सहा ते नऊ जण होते, ८० हजार लोक दहा ते एकोणीस जणांच्या खोल्यांत, आणि १५ हजारांवर लोक अशा खोल्यांत जिथे वीस किंवा त्याहून जास्त माणसं. वीस! मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे. १६० चौरस फुटांत आठ जण धरले तरी माणशी वीस चौरस फूट येतात म्हणजे एक चटई अंथरली की संपलं. वीस जण म्हणजे चटईसुद्धा नाही.

त्याच सुमाराला, १९३५ ला, तिकडे इंग्लंडमध्ये कायदा झाला की राहत्या घरात दाटी म्हणजे काय. एका खोलीत दोन माणसं, दहा वर्षांखालचं पोर अर्धं धरायचं, वर्षाच्या आतलं बाळ धरायचंच नाही. त्या हिशोबाने आमची मावशी कायद्याने गुन्हेगारच ठरली असती. राज्य तेच, राणी-राजा तेच, पण माप वेगळं.

मग वीस माणसं एका खोलीत राहायची कशी? ह्याचं उत्तर कोकणातल्या घराघरात मिळेल. तेव्हाच्या मुंबईत हजार पुरुषांमागे बायका किती, तर साडेपाचशेच्या आसपास. १९२१ ला शहरातल्या शंभरातल्या चौऱ्याऐंशी जणांचा जन्म मुंबईबाहेरचा होता, आणि त्यातला मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा. बायको, पोरं, म्हातारे आईवडील, थोडीशी शेती हे सगळं गावाला, आणि बाप्या मुंबईला. गावकऱ्यांनी मिळून एक खोली किंवा गाळा घ्यायचा, भाडं सगळ्यांनी वाटून भरायचं, म्हणजे माणशी अगदी थोडं पडायचं. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, भिंतीवर एक खुंटी, आणि दोरीवर कपडे. जेवण खाणावळीत, जी बहुतेक वेळा कोणीतरी बाई चालवायची, पुष्कळदा नवरा गेलेली आणि पदरात पोरं असलेली. पहिल्या पाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला येऊन त्याच जागेवर पडायचा. सगळे वीस जण एकाच वेळी आडवे झालेत असं सहसा व्हायचं नाही, आणि झालंच तर पावसाळा नसेल तेव्हा निम्मे बाहेर. गोव्याच्या लोकांचं पण हेच, त्यांचे कूड होते धोबीतलाव-माझगावकडे, गावाच्या नावाने चालणारे, जहाजावरून उतरलेला खलाशी तिथे पेटी टेकायचा. म्हणजे हा गाळा हे घर नव्हतंच, ती एक प्रकारची सहकारी सोय होती. नोकरी गेली तर महिना दोन महिने गाववाले सांभाळून घ्यायचे. आजारी पडला तर बोटीवर बसवून द्यायचे. हे लक्षात ठेवा कारण वरळीच्या रिकाम्या खोल्यांचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर गिरणीच्या गेटवर.

गिरणीत कायम नोकरी सगळ्यांना नव्हती. मोठा भाग बदली कामगारांचा. बदली म्हणजे रोज पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं, आज कोणी कामावर आलं नसेल तर जॉबर तुम्हाला आत घेणार, नाहीतर परत. हा जॉबर, म्हणजे मुकादम, हाच खरा मालक. कोणाला आत घ्यायचं कोणाला नाही हे तो ठरवणार. तो राहतो त्याच वाडीत तुम्ही राहत असाल, त्याच्या ओळखीच्या वाण्याकडून उधारीवर तांदूळ घेत असाल, गणपतीत त्याच्याच मंडळात राबत असाल तर तुमचा चेहरा त्याच्या ध्यानात. आणि एका गेटवर नाही मिळालं तर धावत दुसऱ्या गेटवर जायला हवं, म्हणजे तीन-चार गिरण्या चालत पोचता येतील अशी जागा हवी. त्या काळच्या सरकारी लेबर ऑफिसच्या पाहणीत दिसलं होतं की गिरणीकामगारांतले जवळजवळ नव्वद टक्के लोक कामाच्या जागेपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहतात. तर आता सांगा, वरळीला हवेशीर खोली कितीही स्वस्त दिली तरी पहाटे लालबागच्या गेटवर पोचणार कसं? आणि तिथे ओळखीचा वाणी नाही, उधारी नाही, खाणावळ नाही, सुरुवातीला धड बाजारसुद्धा नाही. खोली मिळेल पण पोट इकडेच राहील.

त्यात चाळी पण अशा बांधलेल्या की विचारू नका. सगळं काँक्रीट. काँक्रीटचं तेव्हा भलतंच कौतुक होतं. खिडक्यांना काचेच्या किंवा लाकडी झडपांऐवजी काँक्रीटच्याच पट्ट्या, ज्या उघडताही येत नाहीत आणि मिटताही येत नाहीत, म्हणजे उजेड हवा तेव्हा येत नाही आणि पाऊस नको तेव्हा येतो. खोलीत नहाणी नाही. मोरीशिवाय खोली ही कल्पना कोणाच्या डोक्यातून आली देव जाणे, आपल्याकडे बाई भांडी कुठे घासणार, पोराला अंघोळ कुठे घालणार, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडलाच नसावा. मोऱ्या, नीट खिडक्या वगैरे नंतर तक्रारी झाल्यावर हळूहळू आल्या. मावशीकडची ती मोरी, जिच्या कट्ट्यावर बसून मी दात घासले, ती अशी नंतर आलेली होती. आणि जुन्या खाजगी चाळीला निदान पुढे मोकळी गॅलरी तरी असायची, तिथे पापड वाळत, भांडणं होत, रात्री गाद्या पडत. इथे मधोमध तो अंधारा कॉरिडॉर.

आणि पैशाचं. कामगार कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न साधारण पन्नास रुपयांच्या आसपास, १९२१-२२ ला बघा की १९३२-३३ ला बघा, फार फरक नाही. पण खर्चातला भाड्याचा वाटा आधीच्या पाहणीत आठ टक्क्यांच्या आसपास होता तो नंतरच्या पाहणीत तेरा टक्क्यांच्या आसपास गेला. मधे काय झालं, तर गिरणीधंद्याला मंदी, १९२५ ला पगारकपातीवरून संप, १९२८ चा तो सहा महिन्यांचा प्रचंड संप, मग जागतिक मंदी, आणि युद्धकाळातलं भाडेनियंत्रण दशकाच्या अखेरीला संपलं. सहा महिने घरात पगार नाही म्हणजे काय होतं? माणूस गावाला जातो, खोली सोडतो. जो जात नाही तो पोटभाडेकरू ठेवतो. आधी एक, मग त्याचा भाऊ, मग त्याचा साडू. शहरातली माणसं कमी होऊनही खोलीतली माणसं का वाढली ते आता कळलं असेल. ह्या पोटभाडेकरूच्या धंद्यात काही लोकांनी बक्कळ कमावलं पण, एक खोली घ्यायची आणि तिचे कोपरे भाड्याने द्यायचे, हा उद्योग चांगला चालायचा. तर खोल्या किती आहेत ह्यावर दाटी ठरत नव्हती, एका कुटुंबाला अख्ख्या खोलीचं भाडं एकट्याने भरवतंय का आणि ते भरून गेटपाशी पोचता येतंय का ह्यावर ठरत होती. माझ्या मते लॉइड साहेबांचं सगळं डिपार्टमेंट इथेच फसलं, त्यांनी खोल्या मोजल्या, पहाटेच्या गेटवरची रांग मोजली नाही.

रिकाम्या चाळींचं सरकारने काय केलं माहितेय? १९३० ला सविनय कायदेभंग सुरू झाला, तुरुंग भरून वाहायला लागले, तेव्हा वरळीच्या चाळींना कुंपण घालून तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही.

पण एक वर्ग असा होता ज्याला ह्या सरकारी चाळी खरोखर उपयोगी पडल्या आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खाजगी चाळीचा मालक भाडेकरू घेताना जात बघायचा, गाव बघायचा. महार, मांग, चांभार कुटुंबांना कित्येक चाळींत दारच उघडत नसे, नळावर भांडण, संडासावर भांडण. ट्रस्टच्या आणि बीडीडीच्या खोल्या सरकारी असल्याने तिथे निदान अर्ज तरी करता यायचा. नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या चाळींत दलित वस्ती मोठ्या प्रमाणात का वसली आणि आंबेडकरी चळवळीची ती बालेकिल्ल्यासारखी ठाणी का झाली त्याचं मूळ ह्यातही आहे.

डॉ. आंबेडकरांचंच बघा ना. शाळेत असताना परळच्या डबक चाळीत एकच खोली, तिच्यात सगळा संसार, अभ्यासाला जागा नाही. मग वडील काय करायचे, भिवाला लवकर झोपवायचे, स्वतः जागत बसायचे, रात्री दोनच्या सुमाराला त्याला उठवायचे आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. एकाच जागेवर दोन पाळ्या, अगदी गिरणीकामगारांच्या गाळ्यासारख्याच. पुढे १९१२ पासून परळच्या ट्रस्टच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, ५० आणि ५१ नंबरच्या. एक संसाराची, एक पुस्तकांची. लंडन-न्यूयॉर्कच्या डिग्र्या घेऊन आलेला बॅरिस्टर, महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषद झाली, तरी घर म्हणजे चाळीतल्या त्या दोन खोल्याच, संडास सगळ्यांचा एकच. मग १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं आणि तिकडे गेले. परळ ते दादर अंतर किती, चालत जाता येईल इतकं. पण चाळ ते राजगृह ह्या प्रवासात त्या काळातलं सगळं उपनगर आलं.

आता त्या दादरच्या बाजूला काय चाललं होतं ते थोडक्यात. ट्रस्टच्या आखणीत इंग्रज डोक्यांना वाटत होतं की उपनगर म्हणजे बंगला, भोवती बाग. झालं भलतंच, तीन-तीन मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यात ब्लॉक. ब्लॉक हा शब्द आपल्याकडे इतका मुरलाय की त्याच्यामागची क्रांती दिसत नाही. ब्लॉक म्हणजे दोन-तीन खोल्या, स्वतःचं स्वयंपाकघर, आणि मुख्य म्हणजे संडास घरात! जुन्या माणसांना हे पटायचं नाही, ज्या छपराखाली देव तिथेच संडास म्हणजे काय. टोपलीचे संडास असेपर्यंत ते शक्यही नव्हतं, ती टोपली रोज उचलून न्यायला मागच्या घरगल्लीतून माणूस यायचा आणि तो माणूस कोणत्या जातीचा असायचा हे सांगायला नको. पाण्याचा फ्लश आणि गटारलाईन आली तेव्हा संडास आत आला. कारकून, मास्तर, वकील, रेल्वेतले बाबू हे सगळे ह्या ब्लॉकांत आले, पण आपापल्या गटाने, पारशी कॉलनीत पारशी, हिंदू कॉलनीत पांढरपेशे हिंदू, माटुंग्याला दाक्षिणात्य. शिवाजी पार्कचं मैदान १९२५ चं, लोकांना संध्याकाळी फिरायला जागा झाली. ह्या सगळ्यांना फोर्टातल्या ऑफिसात दहाला पोचायचं होतं, महिन्याचा पगार ठरलेला होता, पास काढून विजेच्या गाडीत बसायचं. बदली कामगाराला ह्यातलं काहीच लागू नव्हतं. दादर स्टेशन दोघांच्याही घरापासून सारख्याच अंतरावर असेल, पण कामाची वेळ आणि पगाराची खात्री सारखी नव्हती.

एक भयानक आकडा राहिला. १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे ६६६ बाळं वर्षाच्या आत गेली, अशी नोंद आहे. एका खोलीच्या घरांत तर हजारी ८२८, आणि चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत १३३. हा आकडा तेव्हाही खूप गाजला. पण तो वाचताना एक गोष्ट समजून घ्या. आपल्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी जाते. जन्म गावाला झाला, नोंद (झाली तर) गावाला. तीन-चार महिन्यांचं बाळ घेऊन ती मुंबईला आली आणि बाळ इथे गेलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. म्हणजे भागाकारातला वरचा आकडा, मृत्यूंचा, पूर्ण मुंबईचा आणि खालचा, जन्मांचा, अर्धाच. त्यामुळे ८२८ हा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला आहे. पण कितीही हवा काढली तरी एक खोली आणि चार खोल्या ह्यांच्यात जी दरी आहे ती काही बुजत नाही. धूर, ओल, शेजारी खोकणारं माणूस, आणि बाळाला अफूची गोळी देऊन आई गिरणीत, कारण नाहीतर ते दिवसभर रडणार आणि सांभाळायला कोण.

१९३३ ला ट्रस्ट म्युनिसिपालिटीत विलीन झाला. १९३७ नंतर काँग्रेसचं सरकार आलं, भाड्यांची चौकशी झाली, १९३९ ला परत भाड्यावर बंधनं आली. आणि मग दुसरं महायुद्ध. गिरण्यांना कापडाच्या ऑर्डरी मिळायला लागल्या, रात्रपाळ्या सुरू झाल्या, बदलीवाल्यांना रोज काम मिळायला लागलं. १९४१ च्या जनगणनेत मुंबई १४ लाख ९० हजारांवर गेली. वरळीच्या खोल्यांना तेव्हाही काही नवीन खिडक्या फुटल्या नव्हत्या, भिंती त्याच, कॉरिडॉर तोच अंधारा. पण आता कुलपं निघाली, आणि निघाली ती परत लागलीच नाहीत.

मावशीचे सासरे त्याच लोंढ्यातले, म्हणजे युद्धाच्या वेळेला आलेले, असं काका सांगायचे. आधी सहा गाववाले मिळून खोली घेतली, मग एकेक जण बाजूला झाला आणि खोली ह्यांच्या नावावर राहिली. त्या सहांपैकी एका जणाची पत्र्याची पेटी पुढे कितीतरी वर्षं मावशीच्या पलंगाखाली होती, कधीतरी येईन घ्यायला म्हणाला होता तो. आम्ही पोरं उन्हाळ्यात तिच्यावर पाय ठेवून झोपायचो, पत्रा गार लागायचा.